उंबऱ्याशी काढलेले जोडे : प्रस्तावना

गेल्या आषाढात आमच्या वाड्यातला एक मुलगा संध्याकाळी जिना चढून वर आला. हातात रंगीत कागदात बांधलेला खोका होता. ‘‘मावशी, परवा चीनला निघालोय, कंपनीच्या कामानं. तिकडच्या साहेबांना द्यायला घेतलंय. बघा ना, कसं वाटतंय?’’ खोक्यात चारमिनारचे चित्र असलेले टेबलावरचे घड्याळ होते. इथल्याच, सुलतान बाजारातल्या दुकानातून, तासभर घासाघीस करून त्याने हौसेने आणलेले. मी ते हातात घेतले, चांगले निरखले आणि म्हणाले, ‘‘बाळा, हे तुझ्या आईला दे. तिकडे नको नेऊस.’’

त्याचा चेहरा उतरला. मग त्याला बसवून सांगितले. चिनी भाषेत ‘घड्याळ भेट देणे’ या शब्दांचा उच्चार आणि ‘मरणाऱ्या वडीलधाऱ्याच्या शेवटच्या घटका सांभाळणे’ या शब्दांचा उच्चार अगदी एक होतो. म्हणजे घड्याळ हातात ठेवणाऱ्याने यजमानाच्या अंत्यसंस्काराचीच गोष्ट काढली असे होते. मुलाने लगेच फोनवर यादी करायला घेतली. चार हा आकडा टाळायचा, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. भाताच्या वाटीत काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे, दोन्ही हातांनी घ्यायचे आणि घेतल्यावर वाचायचे. तसेच खिशात कोंबायचे नाही. पेल्याला पेला लावताना वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपल्या पेल्याची कड खाली ठेवायची. भेटवस्तू यजमानाने दोनदा नाकारली तरी हिरमुसायचे नाही, आणि घेतल्यावर त्याने ती आपल्यासमोर उघडली नाही तरी वाईट वाटून घ्यायचे नाही.

‘‘आणि पाकिटात पैसे द्यायचे झाले तर एकशे एक घालू ना?’’ त्याने विचारले. मराठी घरातला मुलगा, दुसरे काय विचारणार? आपल्याकडे शंभरावर एक रुपया ठेवला नाही तर आहेर पुरा होत नाही. तो वरचा रुपया म्हणजे व्यवहार पुढे चालू राहील याची खूण. तिकडे मंगल कार्यात सम आकडा चालतो, जोडीने आलेले ते शुभ. हाँगकाँगात तर एकशे एक ही मयताच्या घरी द्यायच्या पाकिटातली रक्कम आहे. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. एकाच आकड्याने एका घरात लग्न लागते आणि दुसऱ्या घरात तिरडी उचलली जाते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते.

त्या संध्याकाळी त्याच्यासाठी जे बोलले, त्यातून हे पुस्तक उभे राहिले. पण ते फक्त चीनला जाणाऱ्यांच्या सोयीचे व्हावे असे मला वाटत नव्हते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तोही हैदराबादेत, कोठीच्या इंग्रज रेसिडेन्सीत, जिथे १९४९ मध्ये मुलींचे कॉलेज आले. दारातल्या दगडी सिंहांच्या मधून त्या रुंद पायऱ्या चढताना रोज एक विचार मनात यायचा. ही इमारतच मुळी एका परक्या पाहुण्याची. त्याने कुठे उतरायचे, कुठे बसायचे, जोडे कुठे काढायचे, या प्रश्नांवर या गावाने शंभर-सव्वाशे वर्षे खल केला. चीनच्या बादशाहाच्या दारात इंग्रज वकिलाने गुडघे टेकायचे की नाही हा वाद जगभरच्या पुस्तकांत आहे. तसाच वाद आमच्या दारात झाला, आणि आमच्या पोरांना तो ठाऊक नाही.

इथे एका शब्दाकडे थांबले पाहिजे. आज वकील म्हटले की काळा कोट आणि कोर्ट आठवते. पेशवाईतला वकील म्हणजे परराज्यात आपल्या राज्याच्या वतीने बसलेला माणूस. त्याच्या पत्रांत राजकारण असे, पण त्याबरोबर दरबारात कोण कुणाला सामोरे गेले, किती पावले गेले, कुणाला बसायला कुठली जागा मिळाली, विडा कुणाच्या हातून आला, पोशाख किती पारच्यांचा दिला, हेही असे. आजच्या वाचकाला हा तपशील कंटाळवाणा वाटतो. विद्यार्थिनी तो ओलांडून ‘मुद्द्याकडे’ जायच्या, आणि मी त्यांना मागे खेचायची. मुद्दा तोच असे. दोन पावले कमी चालून आलेला यजमान पुढच्या तहात काय मागणार, हे जाणता वकील त्या दोन पावलांवरून ओळखत असे.

हैदराबादेत पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. चौथाई आणि सरदेशमुखीच्या थकलेल्या बाकीवरून निजाम आणि पुणे दरबार यांच्यात वितुष्ट वाढत चालले होते. अशा वेळी निजामाचे दिवाण मुशीर-उल्-मुल्क यांनी भर दरबारात काळ्यांना सुनावले की हिशेब समजावून द्यायला नाना फडणवीसांनी स्वतः इथे यावे. नाना कामात गुंतलेले आहेत, ते कसे येतील, असे काळ्यांनी म्हणताच दिवाणांनी त्यांचाच शब्द उलटून फेकला आणि त्यांना कसे आणायचे ते आम्ही दाखवू, अशा अर्थाचे बोलले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवला आहे. परराज्याच्या वकिलापुढे त्याच्या मालकाला असे बोलणे म्हणजे त्या राज्यालाच बोलणे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला लढाई झाली. तहात मराठ्यांनी मुलूख घेतला, पैसा घेतला आणि त्याबरोबर खुद्द मुशीर-उल्-मुल्कांनाही मागून घेतले. नानांना आणायला निघालेले दिवाण पुण्यात नजरकैदेत येऊन राहिले. लढाईची कारणे खोल होती, बाकी कोट्यवधींची होती, हे मला मान्य आहे. तरीही तहात त्या एका माणसाचे नाव का आले, याचे उत्तर जमाखर्चात सापडत नाही. ते दरबारातल्या त्या बोलण्यात आहे.

याच्या थोडे आधी, अवघ्या सव्वा वर्षाच्या अंतराने, दोन प्रसंग घडले. ते शेजारी ठेवून पाहावेत असे मला फार वर्षे वाटत आले आहे.

पहिला पुण्याचा, १७९२ चा. महादजी शिंदे उत्तरेतून आले ते पातशाहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लक हा किताब घेऊन. त्यासाठी शामियाना उभारला, त्यात पातशाहाचे तख्त मांडले. तख्त रिकामे होते. त्यावर फर्मान आणि पोशाख ठेवला होता. सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या तख्तापुढे तीनदा कुर्निसात केला, १०१ मोहरांची नजर ठेवली आणि डावीकडे बसले. दिल्लीचा पातशाहा तेव्हा स्वतः शिंद्यांच्या आधारावर जगत होता, हे त्या शामियान्यातल्या प्रत्येकाला माहीत होते. तरी मुजरा झाला. आणि त्याच पुण्यात, हिंदुस्थानातली सर्वांत कवायती फौज ज्याच्या हाताखाली, तो महादजी पेशव्यांसमोर जुन्या मानकऱ्यांच्या खालच्या बाजूला जाऊन बसला. बगलेतले गाठोडे सोडून त्याने पेशव्यांचे जोडे काढून ठेवले, आणि हेच आमच्या वडिलांचे काम, हेच आमचे, असे म्हणाला. काहींना यात ढोंग दिसते. मला दिसत नाही. आपल्या ताकदीला घराच्या रीतीत बसवून दाखवणे, हे त्या माणसाला पक्के उमगले होते.

दुसरा प्रसंग चीनचा, १४ सप्टेंबर १७९३ चा. जेहोल येथे बादशाहा छियानलोंगच्या भव्य तंबूत इंग्लंडचा वकील लॉर्ड मॅकार्टनी हजर झाला. हाच मॅकार्टनी आधी मद्रासेचा गव्हर्नर होता, म्हणजे इथल्या दरबारी रिवाजांची त्याला ओळख असावी. चीनचा रिवाज असा, की बादशाहापुढे तीनदा गुडघे टेकायचे आणि दर खेपेला तीनदा कपाळ जमिनीला लावायचे. मॅकार्टनीने अट घातली : माझ्या बरोबरीच्या हुद्द्याच्या चिनी अधिकाऱ्याने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे हेच करावे, मग मी करतो. ते घडणे शक्य नव्हते. अखेर आपल्या राजापुढे टेकतो तसा एकच गुडघा त्याने टेकला आणि हिरेजडित सोन्याच्या पेटीतले पत्र दिले. त्याच्या होड्यांवरच्या निशाणांवर चिनी लिपीत ‘इंग्लंडचा नजराणा’ असे लिहिलेले होते. तोफखान्यापासून ग्रहगोल फिरवणाऱ्या यंत्रापर्यंत आणलेले सगळे सामान चिनी वहीत खंडणी म्हणून चढले.

या भेटीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मोठ्यांची नाही. वकिलाच्या सोबत बारा वर्षांचा एक मुलगा होता, त्याच्या सचिवाचा पोर, जॉर्ज थॉमस स्टाँटन. जहाजावरच्या लांबलचक प्रवासात तो दोन चिनी पाद्र्यांकडून थोडी चिनी भाषा शिकला होता. बादशाहाने विचारले, यांच्यात आमची भाषा कुणाला येते का? मुलाला पुढे केले. तो चार शब्द बोलला. ऐंशी ओलांडलेल्या बादशाहाने आपल्या कमरेला लटकलेली थैली सोडली आणि मुलाच्या हातात दिली. ती थैली सुपारी ठेवण्याची होती. आपल्या आजोबांच्या कमरेची चंची आठवा. ती कुणाला सहज मिळत नसे. ग्रहगोलांच्या यंत्राने जे साधले नाही ते त्या मुलाच्या अडखळत्या बोलण्याने साधले, आणि बदल्यात अंगावरची वस्तू मिळाली. माझ्या मते त्या साऱ्या वकिलातीला मिळालेला खरा मान तेवढाच.

घड्याळाचा प्रश्न मात्र उरतो, आणि शेजारच्या मुलाने तो बरोबर काढला. मॅकार्टनीने घड्याळे नेली होती, त्याच्या आधी १६०१ मध्ये रिच्ची नावाच्या पाद्र्याने बादशाहासाठी तास वाजवणारी घड्याळे नेली होती. बीजिंगच्या राजवाड्यात तर घड्याळांचे दालन आहे. मग अपशकून कुठे गेला? त्याचे उत्तर असे, की दरबाराचा रिवाज आणि घराचा रिवाज नेहमी एक नसतो. बादशाहाने जे कौतुकाने घेतले ते गल्लीतल्या म्हातारीला चालेलच असे नाही, आणि पाहुणा दोन्हीकडे जाणार असेल तर त्याला दोन्ही शिकावे लागते.

आता आपल्या कोठीकडे. हा शब्दच मुळात रेसिडेन्सीमुळे पडला. इंग्रज वकिलाची ती कोठी, म्हणून सारा भाग कोठी. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हा १७९८ पासून १८०५ पर्यंत इथे रेसिडेंट होता. त्याला फारसी उत्तम येई, हिंदुस्थानी बोले, घरी मोगली पेहराव करी. खैर-उन्-निसा या इथल्या खानदानी मुलीशी त्याने निकाह केला आणि तिच्यासाठी आवारात जनाना बांधला. आज उभी असलेली इमारत त्याच्याच पुढाकाराने झाली. तिची एक गोष्ट जुन्या लोकांत सांगितली जाते. इमारतीचा नकाशा मोठ्या कागदावर काढून त्याने निजामापुढे ठेवला, तेव्हा निजामाने साफ नकार दिला. कारण निजामाच्या दरबारात त्याच्या सगळ्या राज्याचा नकाशाही जवळजवळ तेवढाच होता. कागदावर पाहुण्याचे घर यजमानाच्या राज्याएवढे दिसत होते. मग कर्कपॅट्रिकने तोच नकाशा पत्त्याएवढ्या कागदावर उतरवून नेला, आणि मंजुरी मिळाली. इमारत तीच, जमीनही तीच. पण मागण्याचा आकार बदलला. मॅकार्टनीच्या निशाणांचा किस्सा आणि हा किस्सा मी वर्गात नेहमी एकाच तासाला सांगत असे.

निजामाच्या दरबारात तेव्हा साहेब लोक जोडे बाहेर काढून आत येत आणि जमिनीवर, गालिच्यावर बसत. पुण्यात वेगळे नव्हते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करतो आहे, असे टॉमस डॅनियलचे मोठे चित्र आहे, त्यात साहेब बैठकीवरच बसले आहेत. तंगड्या दुमडायची सवय नसलेल्या माणसाला ते किती अवघड जात असेल याची कल्पना करावी. पण ते बसत होते, कारण त्या वेळी बसल्यावाचून चालत नव्हते.

मग हळूहळू कागदावरचा रिवाज बदलू लागला. मराठी माणसाला ‘मायना’ म्हणजे काय हे सांगायला नको. पत्राच्या डोक्यावर कोण कुणाला काय म्हणतो त्यावर सगळे ठरते. १८२९ मध्ये नासिर-उद्-दौला गादीवर आले तेव्हा पत्रव्यवहाराचा थाट बदलला. तोवर निजाम स्वतःला राजाला शोभेल अशा ‘मा-बदौलत’ या शब्दाने संबोधत आणि गव्हर्नर जनरल स्वतःला ‘नियाजमंद’, म्हणजे आर्जव करणारा, लिहीत. ते दोन्ही बंद झाले. बाहेरच्यांना यात दोन शब्द गेले एवढेच दिसले असेल. पुढे १८५७ मध्ये, १७ जुलैला, तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर चाल केली. आता कोठीच्या गर्दीत त्याचे स्मारक आहे. बसच्या मागे धावताना तिथे कुणाचे लक्ष जात नाही.

आणि १८६९. फेब्रुवारीत निजाम अफजल-उद्-दौला वारले. मागे अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान. कारभार दिवाण सालारजंगांकडे. त्या बाळाला गादीवर बसवण्याच्या वेळी रेसिडेंट साँडर्स यांनी कळवले, की आपण आणि आपले अधिकारी यापुढे जोडे काढणार नाही आणि जमिनीवर बसणार नाही, खुर्च्या मांडाव्यात. त्या मांडल्या गेल्या. अडीच वर्षांचे मूल काय म्हणणार? बूट घातलेले पाय प्रथमच त्या गालिच्यावर आले. मी हा प्रसंग अनेकदा शिकवला, आणि दर वेळी माझा आवाज चढत असे, हे माझ्या विद्यार्थिनी सांगतील. कुणाला वाटेल, जोड्यांचे एवढे काय! पण घरात कुणी बोलायचा राहिला नाही ही वेळ साधून पाहुण्याने घराची रीत मोडली, हे मला आजही सहन होत नाही.

चारच वर्षांनी, २९ जून १८७३ रोजी, बीजिंगमध्ये तोंगझी बादशाहाने परकीय वकिलांना भेट दिली. तो नुकताच वयात आलेला. वकिलांनी कपाळ टेकवले नाही, वाकून नमस्कार केले. मॅकार्टनीचा ऐंशी वर्षांपूर्वीचा वाद असा मिटला. मधल्या काळात १८१६ मध्ये लॉर्ड अ‍ॅमहर्स्टला तिआंजिनच्या मेजवानीत पिवळ्या कापडाने झाकलेल्या मेजापुढे, बादशाहा तिथे नसतानाही, कपाळ टेकवायला सांगितले होते. पुण्यातल्या रिकाम्या तख्ताची आठवण येते. तो नुसता वाकला आणि शेवटी बादशाहाला न भेटताच परतला. हाच अ‍ॅमहर्स्ट पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. त्यानंतर अफूच्या दोन लढाया झाल्या, आणि मग १८७३. हैदराबाद आणि बीजिंग इतके दूर, पण दोन्ही दारांतला रिवाज पाठोपाठ एकाच तऱ्हेने मोडला. बाहेर तोफा होत्या, आत गादीवर पोर होते.

रेसिडेन्सीभोवतीचा हा बाजार १९३३ मध्ये पुन्हा निजामाच्या अमलात आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. १८६५ चा घड्याळाचा मनोरा अजून आहे. इथेच मराठी माणसांची घरे आहेत, शाळा आहेत, वाचनालये आहेत. आमची पिढी या गल्ल्यांत उर्दूचा अदब आणि मराठीचा मान दोन्ही एकाच घरात शिकली. आजोबा बाहेरच्या माणसाला ‘तशरीफ ठेवा’ म्हणत आणि आतल्या माणसाला ‘बसा, पाणी घ्या’. त्यामुळे परक्या रीतीची भीती आम्हाला कधी वाटली नाही, आणि ती मुलांनाही वाटू नये असे मला मनापासून वाटते.

चीनच्या घरात पाहुणा म्हणून गेलेल्या एका मराठी माणसाला मात्र वेगळा मान मिळाला, त्याच्याविषयी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. त्यांनी चिनी नाव घेतले, के दिहुआ. शेवटचा ‘हुआ’ म्हणजे चीन. तिथे लग्न केले, मुलाचे नाव इन्हुआ ठेवले, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत आले आहेत, २००६ मध्ये हू जिंताओ भेटले, २०१४ मध्ये शी जिनपिंग. ऋण आठवण्याचा तो त्यांचा रिवाज आहे.

पुढच्या प्रकरणांत बैठकीचा क्रम, चहा, मेजवानी, भेटी, पत्राचा मायना आणि निरोप असे भाग केले आहेत. दर भागात आधी आपल्याकडचे, पेशवे आणि निजाम यांच्या दरबारांतले, आणि मग चीनचे दिले आहे, कारण ओळखीच्या घरातून निघालेला माणूस अनोळखी घरात कमी बिचकतो. निरोपाचे प्रकरण जरा लांबले आहे. आपल्याकडे अत्तर-पान आले की दरबार संपला, पाहुण्याने उठावे. चीनमध्ये यजमान पाहुण्याला सोडायला बाहेर येतो, आणि पाहुण्याने ‘ल्यूबू’ म्हणायचे असते, म्हणजे ‘पाऊल थांबवा, आता इथून परत फिरा’. यजमान लगेच थांबत नाही. किती पुढे येतो त्यावरून पाहुण्याची किंमत कळते. गोविंदराव काळ्यांनी ही पावले मोजून पुण्याला कळवली असती.

मुलाने शेवटी पोचमपल्लीची लाल शाल आणि उस्मानिया बिस्किटांचे दोन डबे नेले. दोन, तीन नाही. परत आल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडेच आला. जोडे दारात काढले, आत येऊन बसला आणि सांगू लागला. यजमान सत्तरीचे होते. जेवण झाल्यावर ते जिन्यापर्यंत आले, मग खाली, मग फाटकापर्यंत. पाऊस होता. याने तीनदा ल्यूबू म्हटले. तिसऱ्या खेपेला म्हातारे हसले, छत्री याच्या हातात दिली आणि स्वतः भिजत गाडीच्या दारापर्यंत चालत आले.

सुलतान बाजार, हैदराबाद